लुगड्यावरची वीतभर जागा

माझे आईबाबा दोघंही उमरेडला विणकाम करायचे. माग बंद करण्याआधी आईने स्वतःसाठी विणलेलं शेवटचं लुगडं आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी कपाटात होतं. ते घड्यांवर विरायला लागलं, तेव्हा त्याच्या विणीचे जवळून फोटो काढून ठेवावेत म्हणून मी एक वापरलेली मॅक्रो लेन्स घेतली.

पहिल्याच दिवशी वाटलं, आपण फसलो. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, २.८वर ठेवून लेन्स काठाजवळ नेली की कॅमेऱ्यावरचा आकडा आपोआप पाचापर्यंत जायचा आणि फोटो निघायला जास्त वेळ लागायचा. मी लेन्स घेऊन सीताबर्डीच्या दुकानात परत गेले. दुकानदाराने ती फिरवून पाहिली.

"बिघडली नाही मॅडम. इतक्या जवळ फोकस केलं का आत उजेडच कमी पोचते. काही कॅमेरे तो हिशेब दाखवतात, काही दाखवत नाहीत, एवढंच."

घरी येऊन पुन्हा बसले. छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की एक धागा लख्ख दिसे आणि शेजारचा पुसट. आकडा वाढवला की छिद्र लहान होतं, म्हणून मग ॲपर्चर पार बत्तीसपर्यंत बारीक केलं. सगळे धागे फोकसमध्ये आले, पण एकाचीही कड धड दिसेना. आई मागे उभी होती.

"काय करून राहिली वं? धागा पिंजल्यावानी दिसते."

मी सांगितलं, छिद्र फार बारीक केलं की उजेड पसरतो आणि चित्र मऊ पडतं. मोठं ठेवलं तर एकच धागा हाती लागतो.

"मंग कापड ताणून घे ना. किती वाकडं धरलंस."

तिने पोळपाट आणला, लुगडं त्यावर ताणून खालून गाठ मारली. मी लेन्स बरोबर त्याच्या समोर, सरळ रेषेत लावली. ॲपर्चर अकरावर ठेवलं, कापड हलू नये म्हणून कूलर बंद केला. आता धागान् धागा मोजता येत होता.

आई लॅपटॉपवर एकेक फोटो पाहू लागली. पदराजवळच्या एका फोटोवर थांबली.

"हे माह्यं नाही."

"म्हणजे?"

"हा हात तुह्या बाबाचा आहे. ते फणी जोरानं ठोकत. पाह्य ना, धागे कसे चिपकून बसले."

हे लुगडं मागावर असताना ती चार दिवस तापाने पडली होती. उठली तेव्हा काम वीतभर पुढे गेलेलं वाटलं. "मले वाटलं, मीच विसरली असीन. ते काही बोलले नाहीत."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने फोटोतल्या त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, तेवढ्याच जागेचे आणखी काढ. मी पोळपाट सरकवला, फोकस पुन्हा लावला, अकरा फोटो काढले. त्यातला एक तिने मोबाइलवर घेतला आणि उमरेडला मावशीला फोन लावला. स्वयंपाकघरात जाऊन ती हळू आवाजात कितीतरी वेळ बोलत होती.