लॉर्ना ऑस्टलुंडची दुभाषी नोंदणी

लॉर्नाचे आईवडील दोघेही बहिरे. बोलायला लागण्याआधीच ती खुणांची भाषा शिकली आणि सातव्या वर्षी डॉक्टरांचे म्हणणे आईला सांगू लागली. नेब्रास्कातल्या त्या गावात कुणाही बहिऱ्या माणसाचे दवाखान्यात, शाळेत, कचेरीत काम निघाले की लॉर्नाला निरोप जाई. धान्याच्या कोठारावरची नोकरी सांभाळून तिने हे पंचेचाळीस वर्षे केले. एकदाही नाही म्हटले नाही.

मग राज्याने नियम केला. परीक्षा देऊन नोंदणी केल्याशिवाय दुभाषी म्हणून उभे राहायचे नाही. जूनमध्ये व्हर्ल टिडबॉलच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. व्हर्ल म्हणजे तिच्या वडिलांचा दोस्त, चौऱ्याहत्तर वर्षांचा बहिरा सुतार. व्हिडिओच्या पडद्यावरून दुसरा दुभाषी मिळेल, असे रुग्णालयाने कळवले.

"पडद्यावरच्या माणसापुढे मी छाती उघडू?" व्हर्लचे हात हवेत उडाले. "लॉर्ना नसेल तर मी त्या टेबलावर चढणार नाही."

मार्चमध्ये लॉर्नाने परीक्षा दिली आणि नापास झाली. परीक्षेच्या चित्रफितीतला बहिरा माणूस अधिकाऱ्याला मूर्ख म्हणाला होता. लॉर्नाने त्याचे 'कृपया पुन्हा तपासाल का' केले.

निकालाचे पत्र वाचून व्हर्लने टेबलावर थाप मारली. तिने वर पाहिले.

"माझंही असंच करतेस?"

"कधीकधी. मागच्या डॉक्टरांना तुम्ही गाढव म्हणालात. मी नुसतं 'डॉक्टर' म्हटलं."

व्हर्ल पाय आपटून हसला. मग एकदम थांबला. "म्हणून तो हसत होता तर! मी चिडलोय हे त्याला कळलंच नाही. मला वाटलं, माणूस दुष्ट आहे."

"मी तुमची लाज राखत होते. आईचीही राखायचे."

"लाज माझी आहे, पोरी. माझ्याकडेच राहू दे."

त्यानंतर रोज संध्याकाळी व्हर्ल शिव्या देई आणि लॉर्ना त्या मोठ्याने म्हणे. तिचा नवरा रॉस दोन्ही भाषा जाणणारा, तो पंच. "अगं, त्यांनी गाढव म्हटलं, तू भोळे म्हणालीस!"

मेमध्ये ती उत्तीर्ण झाली. नोंदणीचे कार्ड गळ्यात घालून शस्त्रक्रियेच्या सकाळी ती व्हर्लच्या खाटेशी, सर्जनच्या बाजूला उभी राहिली.

व्हर्लने विचारले, "गोड बोलू नका. मी जगणार की नाही?"

लॉर्नाने तेच शब्द सर्जनला ऐकवले. सर्जनबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून त्या बसल्या.

"दहातले नऊ वाचतात. तुमच्या वयाला मी आठ म्हणेन."

लॉर्नाची बोटे नऊवरच थांबू पाहत होती. तिने आठ दाखवले.

व्हर्लने तिच्या हातांकडे बराच वेळ पाहिले. मग संमतीपत्रावर सही करायला पेन मागितले.