जोंधळ्यावर जोंधळा

माझ्या भावाच्या भुवया दिवसा कधी काळ्या बघितल्याच न्हाईत मी. सकाळी आठला गिरणी चालू केली की दहाच्या आत कृष्णात डोक्यापासनं पायापर्यंत पांढरा. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत त्याची गिरणी, वडलांच्या हातची. घर तिथनं दोन गल्ल्या सोडून. मी त्याची थोरली बहीण. नवरा गेला तवापासनं त्याच्याकडंच असते. सगळी गल्ली मला आक्का म्हणती आणि माझ्या तोंडाला भिती, हे मला चांगलं ठाऊक हाय.

कृष्णात मात्र गरीब माणूस. बाया डबा घेऊन आल्या की त्यांचं एकच सांगणं, जोंधळ्यावर जोंधळा टाका. म्हणजे आधीच्या बाईचा जोंधळा दळून झाला की त्याच्या मागोमाग आपला. मध्ये गहू दळला असला तर दगडात राहिलेलं त्याचं पीठ आपल्यात येतं आणि भाकरी बिघडती. दुसरे गिरणीवाले व्हय व्हय म्हणत्यात आणि हाताला येईल ते टाकत्यात. कृष्णातनं असं कधी केलं न्हाय. नवरात्रात उपासाचं दळण असलं की आदल्या दिवशी सगळी गिरणी खोलून झाडायचा, पुसायचा आणि अनवाणी उभा राहायचा. लांबलांबच्या बाया त्याच्याकडं डबे पाठवायच्या. त्याचा त्याला लई अभिमान.

त्याला एकच लेक, तेजस्वी. सात वर्षांची झाली तवा तिच्या हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. सारखं पोट दुखायचं, जुलाब व्हायचे, वर्गातली पोरं उंच झाली आणि ही हाय तेवढीच. जंताचं औषध झालं, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मग राजारामपुरीतल्याच एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा बारका तुकडा काढून बघितला आणि सांगितलं, हिला गव्हातलं ग्लुटेन चालत न्हाय. चपाती, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद. किती दिवस, असं अनुजानं विचारलं. अनुजा म्हणजे माझी भावजय. बाई म्हणाल्या, जन्मभर. गोळी न्हाय, इंजेक्शन न्हाय, जेवण हेच औषध. आणि नखावर मावेल एवढं पीठ जरी पोटात गेलं तरी आतडं आतनं सोलून निघतं.

ते नख माझ्या डोक्यात जाऊन बसलं. त्या दिवसापासनं आमच्या घरात भीती राहायला आली.

गव्हाचा डबा त्याच सांजचं दुसऱ्याला देऊन टाकला. आम्ही तिघांनी बी चपाती सोडली. तवा नवा, परात नवी, चमचे नवे. दुकानात गेलं की अनुजा पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची, मागची गिऱ्हाइकं ओरडायची. एकदा हिंगाच्या डबीवर तिला गव्हाचं पीठ असं लिहिलेलं दिसलं आणि माझ्या हातातली पळी खाली पडली. दोन महिने रोज फोडणीत मी तोच हिंग घालत हुते. कुणाच्या पूजेला गेलो की पोरगी शिऱ्याचा प्रसाद मुठीत धरून घरी आणायची आणि न बोलता माझ्या हातावर ठेवायची. मग साबण लावून हात धुवायची. सात-आठ वर्षांची पोर हो.

अनुजाची आई चिमणाबाई मुरगूडला असती. ती एकदा खपलीची खीर घेऊन आली. म्हणती कशी, खपली म्हणजे काय गहू न्हवं, आजाऱ्याला, बाळंतिणीला आम्ही तीच देतो की. खपली बी गव्हाचीच जात. अनुजानं डबा धरला म्हणून बरं, न्हायतर पोरगीच्या ताटात पडलीच हुती. मी त्या म्हातारीला असं बोलले की ती पुन्हा सहा महिने आली न्हाय.

एवढं करून वर्षानं रक्त तपासलं तर आतडं किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, उतरायला पाहिजे हुता तो, जिथल्या तिथं. वजन सतरा किलोला अडकलेलं. बाई म्हणाल्या, कुठनं तरी गहू पोटात जातोय, घरात शोधा. अजून काही महिन्यांनी आकडा उतरला न्हाय तर पुन्हा दुर्बीण घालावी लागेल आणि आत दुसरं काही न्हाय ना, ते बघावं लागेल. ते दुसरं काही म्हणजे काय, हे आमच्यातल्या कुणी विचारलं न्हाय. विचारायची छातीच झाली न्हाय.

आणि मग शोधायचं काय? आम्ही माणसं शोधायला लागलो. मी अनुजाला धारेवर धरलं, तूच माहेरी नेऊन खपली चारतीस. ती बिचारी रडून रडून सांगायची की गेलेच न्हाय माहेरी. मग मी पोरगीच्या मागं लागले. शाळेत कुणाच्या डब्यातलं खातीस, खरं सांग. ती म्हणायची, न्हाय खात, आक्काआत्या. मला वाटायचं, खोटं बोलती. पोरच हाय, जीभ हाय, वर्गात रोज कुणी ना कुणी वाढदिवसाचा केक वाटतंय.

एक दिवस तिचं दप्तर झाडताना तळाशी बिस्किटाच्या पुड्याचा कागद सापडला. घडी घालून नीट ठेवलेला. मी तो तसाच हातात नाचवत गिरणीत नेला आणि चार बायांच्या देखत कृष्णातच्या पुढं धरला. हे बघ तुझ्या लेकीचे प्रताप. तो दळण अर्धं टाकून घरी आला. पोरगी म्हणाली, "बाबा, मी नुसता वास घेतो त्याचा. खाल्लं न्हाय." जन्मात तिच्यावर हात न उगारलेला माणूस, त्यानं तिच्या गालावर चापट मारली. पाची बोटं पांढरी उमटली, पिठाची. मी मध्ये पडले न्हाय. बरं झालं, असंच त्या वेळी माझ्या मनात आलं, आता परत लपवून काय ठेवणार न्हाय.

त्यानंतर पोरगीनं भाकरीला हात लावायचं सोडलं. ताटात वाढली की बाजूला सारायची. नुसता आमटी-भात, तो बी दोन घास. मला वाटलं, रुसली हाय, भूक लागली की खाईल. आठ दिवस झाले, दहा झाले. अंगात बळ न्हाय आणि शाळेत एक दिवस चक्कर येऊन पडली. गैबी रिक्षावाला आमच्या शेजारचा, त्याच्या रिक्षातनं तिला बाईंकडं नेलं. अनुजाच्या मांडीवर तिचं डोकं आणि आमच्यातलं कुणी कुणाकडं बघत न्हवतं. मनात एकच, ते दुसरं काही निघालं तर.

बाईंनी तिला तपासलं आणि पोट दुखतंय का म्हणून विचारलं. पोरगी म्हणाली, न्हाय, दहा दिवस झाले दुखलं न्हाय. जुलाब? ते बी न्हाय. बाईंनी दहा दिवसात काय काय खाल्लं ते विचारून घेतलं. भात. भाकरी? न्हाय. बाई कृष्णातकडं वळल्या.

"भाकरीचं पीठ कुठून दळून आणता?"

"आणायचं कुठनं, बाई? गिरणी माझीच हाय की," कृष्णात म्हणाला. भ्यालेला हुता, पण एवढं बोलताना त्याची मान ताठ झाली. "जोंधळ्यावर जोंधळा, मी स्वतः दळतो. तिच्या पिठाला दुसऱ्याचा हात लागू देत न्हाय."

"त्याच गिरणीत गहू दळता?"

"दिवसभर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या न्हाईत, हळू आवाजात समजावून सांगत राहिल्या. दगडात गहू असतो, पट्ट्यावर असतो, हवेत उडत असतो, तोच पोरगीच्या डब्यात उतरतोय, रोज दोन वेळा. कृष्णात ऐकत हुता का न्हवता, मला कळलं न्हाय. तो आपल्या हाताकडं बघत हुता. नखांच्या कडेनं पांढरं हुतं, कायमच असतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणी बंद ठेवली. नवरात्रात करतो तशी सगळी खोलली. दगड घासले, भिंती झाडल्या, जाळ्या काढल्या, अनवाणी उभा राहून नुसता जोंधळा दळला आणि डबा आणून ओट्यावर ठेवला. अनुजानं बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, तरी बी नको. मग त्यानंच तो डबा उचलला आणि परत नेला. अख्ख्या गल्लीला पीठ देणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकीला एक भाकरीचं पीठ देता येईना. त्याचं तोंड मला बघवलं न्हाय.

घरोघरची जाती हुती, पण कोणत्या जात्यावर कधी गहू पडला न्हाय असं कोण सांगणार? शेवटी गैबीनं पाथरवटाकडनं कोरं जातं आणलं. जोंधळा आम्ही दाणा दाणा निवडून, धुऊन वाळवायचो. रोज सकाळी मी दळायची. खांदा भरून यायचा. पण तोंडातनं हूं काढलं न्हाय, कारण बडबडायचा हक्क मी त्या कागदाबरोबर घालवून बसलते.

कृष्णात मात्र स्वतःलाच भ्यायला लागला. गिरणीत अंघोळ, घरी आल्यावर परत अंघोळ. ताट घेऊन दारातल्या कट्ट्यावर बसायचा. पोरगी जवळ आली की उठायचा आणि म्हणायचा, लांब हो. एकदा त्याचा डबा घरी राहिला म्हणून ती गिरणीच्या दारात गेली, तर तो असा ओरडला की बाया दचकल्या. तिनं डबा पायरीवर ठेवला आणि पळत आली. जेवली न्हाय त्या दिवशी. तो कशाला भितोय हे तिला समजवायला पाहिजे हुतं, पण आम्ही सगळीच आकड्याच्या भीतीनं मुकी झालो हुतो. तीन महिने असे गेले.

मग पोरगीचं रक्त पुन्हा तपासायला दिलं. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. आकडा निम्म्याच्या बी खाली आलाय, आता दुर्बिणीची गरज न्हाय, असंच चालू ठेवा. वजन एकोणीस. अनुजा फोन हातात धरून जमिनीवरच बसली. मी पदर तोंडात धरला. कृष्णात नुकताच न्हाऊन आलेला, दारात उभा. आत यायला पाय उचलला आणि तिथंच थांबला.

तेजस्वी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, मग मी नुसता वास घेत हुतो, हे आता पटलं न्हवं तुला?"

साडेतीन महिने पोरगीनं हे पोटात धरून ठेवलं हुतं. तिला आकडा न्हवता कळत, दुर्बीण न्हवती कळत. बाप लांब हो म्हणतोय तो त्या कागदासाठीच, एवढंच तिला वाटत आलं हुतं. मला खाली बघावं लागलं.

"पटलं," कृष्णात म्हणाला. "तू खरं बोलत हुतीस. माझ्याच हातनं जात हुतं, बाळा."

त्याचा हात तिच्याकडं गेला आणि अर्ध्यातनं माघारी आला. तिनं तो धरला. उजेडाकडं नेला, उलटा केला आणि एकेका बोटाचं नख नीट बघितलं. करंगळी राहिली हुती, ती बी बघितली. मग तोच हात तिनं आपल्या गालावर ठेवला.