बाथरूममधली उदबत्ती

आमच्या घरी उदबत्ती दोनच ठिकाणी लागायची. रोज देवघरात, आणि वर्षातून एकदा बाथरूममध्ये. बाथरूममध्ये ती लावणारे गृहस्थ दहिसरहून यायचे. गॅस गिझर बसवणं हा त्यांचा धंदा, आणि आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत त्यांना सगळे उदबत्तीमामा म्हणायचे. खरं नाव त्यांनी एकदा सांगितलं होतं. ते लक्षात ठेवायची मला गरज वाटली नाही, आणि आज त्याची लाज वाटते.

पहिल्यांदा त्यांनी काडेपेटी काढली तेव्हा आई भडकलीच. "अहो, देवाची उदबत्ती मोरीत कसली लावताय?" मामा मूळचे मालवणकडचे; मुंबईत चाळीस वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच. म्हणाले, "काकी, गॅस जळतलो तर धूर होतलोच. आणि त्या धुरातल्या विखाक वास नसता. माणूस न्हाता न्हाता झोपता, तो उठतच नाय. म्हणान तेका मी उदबत्तीचो वास लावन बघतंय, खय जाता ता." मग गिझर सुरू करायचा, दार लावून घ्यायचं आणि उदबत्ती गिझरच्या डोक्याशी, नळीच्या तोंडापाशी धरायची. धूर नळीत ओढला जाऊन भिंतीबाहेर पडला की मामांचा चेहरा खुलायचा. "गेलो भायर. आता खुशाल न्हावा." ही दोन वाक्यं ते दर वर्षी त्याच सुरात म्हणायचे. तिसऱ्या वर्षापासून आईच त्यांच्यासाठी उदबत्ती काढून ठेवू लागली.

धुराची नळी बाहेर काढायला भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि नव्या टाइल्सवर जीव असलेल्या लोकांना ते नको असतं. मामांचा हिशेब सरळ होता: "आधी भोक, मगे गिझर." तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी ऐकेनात, तेव्हा मामा चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या फिटरने तासाभरात गिझर लावून दिला. पण मामा हार मानणाऱ्यातले नव्हते. बिल्डिंगमध्ये आले की त्या घराची बेल दाबायची आणि दारातूनच विचारायचं, "कधी पाडूचा भोक?" दोन वर्षांनी ते लोक वैतागले आणि भोक पाडून घेतलं.

एकदा आमच्या नळीच्या बाहेरच्या तोंडावर कबुतराने घरटं केलं. उदबत्तीचा धूर आत परत आला. घरट्यात दोन अंडी होती, आणि आईने बजावून ठेवलं की अंड्यांना हात लावायचा नाही. मामा वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि सरळ आपल्या पिशवीत टाकला. "बंद ठेवा सांगितला तरी माणसा चालू करतत. पिल्ला उडली की आणून देतंय." दीड महिना आईने पातेल्यात पाणी तापवलं. मामा दर रविवारी येऊन खिडकीतून पिल्लं बघून जायचे आणि दोघं त्यांच्या पंखांवर चर्चा करायचे. पिल्लं उडाल्यावर रेग्युलेटर परत आला आणि नळीच्या तोंडाला जाळी बसली. आई त्यांचं जितकं ऐकायची तितकं माझं कधीच ऐकलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढे मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. बिल्डिंगला रंग काढायचा ठरला. गिझरच्या सात नळ्यांनी बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ आले होते, नव्या क्रीम रंगावर ते दिसणार म्हणून कमिटीने ठराव केला: नळ्या काढायच्या, भोकं सिमेंटने बुजवायची, सगळ्यांनी विजेचे गिझर घ्यायचे. नोटीस मीच लिहिली. बाकी सहा घरांनी गिझर बदलले. आमचंही भोक बुजलं, पण गिझर मी दिवाळीनंतर बदलणार होतो. तोवर जुनाच चालेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यात बाहेर परांचीवर दिवसभर रंगारी, म्हणून बायकांनी बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. आईनेही चिकटवली.

मामा आले, भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. उदबत्ती काढलीच नाही. "शेखर, ह्या काय केलंस?"

"मामा, महिन्याभराचा प्रश्न आहे. आईची आंघोळ दहा मिनिटांची."

"केस धुवच्या दिवशी?"

मामांनी पूर्वीसारखाच रेग्युलेटर काढला आणि पिशवीत टाकला. आता मी सेक्रेटरी होतो. माझ्या घरातली वस्तू माझ्यादेखत कोणी नेतो म्हणजे काय! मी नको ते बोललो. "पुन्हा गेटच्या आत पाऊल टाकू नका," हेही बोललो. आई आतून म्हणत होती, "अरे, त्यांचं ऐक. मी पाणी तापवून घेईन." मामा जाताना तिलाच म्हणाले, "काकी, निदान तो कागद काडा." मी वॉचमनला ताकीद दिली आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून नवा रेग्युलेटर आणला. तो मी माझ्या हाताने लावला.

परांची उतरली, कागद तसाच राहिला. एका शुक्रवारी आई केस धुवायला गेली. नळाचं पाणी वाहत राहिलं, म्हणून मी हाक मारली. दार तोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती, झोपल्यासारखी. डॉक्टरांनी कारण सांगितलं. मला ते आधीच माहीत होतं.

तेराव्याला मामा गेटवर उभे होते. माझ्या ताकिदीप्रमाणे वॉचमनने त्यांना अडवलं होतं. मी धावत खाली गेलो. मीच गेट उघडलं. वर आल्यावर त्यांनी पिशवीतून आमचा रेग्युलेटर काढून माझ्या हातात ठेवला. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, अशी माझी इच्छाच होती. ते म्हणाले, "चूक माझी, शेखर. मी नुसतो रेग्युलेटर नेलंय. गिझरच काढून नेवक होयो होतो." मी म्हटलं, "नाही हो मामा, मी..." पण ते मान हलवत राहिले. मग त्यांनी आईच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. डोळे पुसता पुसताही ते सवयीने धुराकडेच बघत होते. धूर खोलीतच घुटमळत होता. ते उठले, हॉलची खिडकी सताड उघडली आणि निघून गेले.

ते पुन्हा आमच्या बिल्डिंगमध्ये आले नाहीत. मी दहिसरला दोनदा गेलो, तेव्हा शेजाऱ्यांकडून कळलं की त्यांनी काम सोडलं, गावी गेले. गेल्या वर्षी गावीच वारले. दहिसरच्या त्या शेजाऱ्यांकडूनच मी त्यांचं खरं नाव विचारून घेतलं, आणि ते माझ्याजवळच ठेवलं आहे.

शेजारच्या दोन सोसायट्यांत अजून गॅसचे गिझर आहेत. वर्षातून एकदा मी तिथे फिरतो. दारं उघडणारे चमत्कारिक बघतात. एका आजींनी तर विचारलंच, देवाची उदबत्ती इथे का. मी सगळं सांगतो, आईचंही. दार लावून उदबत्ती नळीशी धरतो. धूर ओढला जातो, भिंतीबाहेर पडतो. "गेलो भायर," मी म्हणतो. घरातली माणसं पुढे काहीतरी ऐकायला थांबतात. ते दुसरं वाक्य मला अजून कुणाला म्हणता आलेलं नाही.