चार बोटं सहारा

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीचा चहा कधीच वेळेवर येत नाही. तो येईपर्यंत स्टाफरूममध्ये कुणाचा तरी एक किस्सा सांगून होतो, आणि चहा फारच लांबला तर दोन होतात. भूम गावातल्या या शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवतोय, म्हणजे किती साठले असतील बघा! पण अलीकडं सगळे किस्से एकाच ठिकाणी येऊन थांबतात. ते म्हणजे मोरे सरांचं, अर्थात माझं, कदम मॅडमवर जळणं. लोक मागं सांगतातच, तर म्हटलं आपणच सांगावं.

*

बावीस वर्षं शाळेतला प्रत्येक नकाशा मीच काढला. आफ्रिकेसाठी माझ्याकडं प्लायवूडचा एक साचा आहे. आमचे शिपाई इस्माईलचाचा तो फळ्यावर दाबून धरायचे आणि मी कडेकडेनं खडू फिरवायचो. झाली आफ्रिका!

मग तुळजापूरच्या कदम मॅडम आल्या. नववी 'अ' त्यांना मिळाली, 'ब' माझ्याकडं राहिली. पहिल्याच दिवशी त्यांनी मोरोक्कोपाशी खडू टेकवला आणि मुलांशी बोलत बोलत अख्खा किनारा फिरवून परत मोरोक्कोला आणला. खडू एकदाही उचलला नाही! मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला भिंतीपलीकडं ऐकू आल्या. फार झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी मी 'ब'मध्ये साचा बाहेर काढला, तर पहिल्या बाकावरची मुलगी काळजीनं म्हणाली, "सर, तुमचा हात दुखायलाय का?"

*

हेडसरांनी मॅडमच्या त्या आफ्रिकेचा व्हिडिओ काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या शाळेचा अभिमान!' सगळ्यांनी अंगठे दिले. मीही द्यायला गेलो. नाही दिला तर लगेच दिसतं ना! पण रागात बोट सरकलं आणि ढसाढसा रडणारा चेहरा गेला.

मी तो काढेपर्यंत मॅडमचा मेसेज आला, 'सर, एवढं भरून येऊ देऊ नका!'

*

तसं बघितलं तर मत्सर काही माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. काँगोच्या खोऱ्यात जवळजवळ रोज दुपारनंतर पाऊस पडतो, हे मी 'ब'ला शिकवलं. पोरांनी ते घरी सांगितलं. पालकसभेत एका पोराचे आजोबा उठून उभे राहिले.

"सर, हे खरं हाय व्हय? रोज?"

"जवळजवळ रोज."

"आन् आमी हितं आभाळाकडं बघून बघून मान मोडून घ्यायलोत!" आजोबा खाली बसले. मग पुन्हा उठले. "तिकडं कुणाची सोयरीक वळखीची हाय का? नात लग्नाची हाय. घागरी तरी वाहाव्या लागायच्या न्हाईत."

मागच्या दोन-तीन बायांनी गंभीरपणे माना हलवल्या.

*

शाळेत पर्जन्यमापक एकच होता, माझा. मॅडमनी दुसरा आणला आणि मोकळ्या अंगणात बसवला. माझा पहिल्यापासून लिंबाच्या झाडाखाली. एका सकाळी मोजलं, तर त्यांचा पाऊस बारा मिलिमीटर आणि माझा चार! एकाच शाळेत, एकाच पावसात! माझं तोंड उतरलं, चहाही घेतला नाही.

पुढच्या वेळी नुसती भुरभुर झाली होती. मी माझं भांडं उघडलं आणि मोजायला लागलो. मोजपात्र एकदा भरलं, दोनदा भरलं, पाच वेळा भरलं. ऐंशीच्या वर! मी धावत जाऊन रोजच्या पावसाच्या फलकावर लिहिलं. मॅडमच्या आकड्याच्या शेजारी, मुद्दाम मोठ्या अक्षरात. मॅडमचे होते दोन.

हेडसर फलकापुढं थांबले. "मोरे सर, एवढा पाऊस झाला तर मग मैदानातली धूळ कशी भिजली नाही?"

मी इस्माईलचाचांकडं बघितलं. चाचा जमिनीकडं बघत होते.

"क्या करू सर," ते हळूच म्हणाले, "तुमचं तोंड बघवंना मला. एक तांब्या ओतला. मॅडमच्यापेक्षा कमी पडू नये, बस्स."

*

आणि आता भिंत.

शाळेच्या नव्या व्हरांड्यात आफ्रिकेच्या हवामानाचा मोठा नकाशा रंगवायचं ठरलं. पावसाच्या रेषा, तापमानाच्या रेषा, हवामानाचे पट्टे, सगळं त्यात येणार होतं. खाली कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव. कागदाचे नकाशे फाटतात, भिंतीवरचं नाव मात्र आपण रिटायर झाल्यावरही राहतं. बावीस वर्षांनी तेवढं तरी माझं व्हावं, असं मला फार वाटत होतं.

हेडसरांनी भिंत मॅडमना दिली. मला म्हणाले, "सर, तुम्ही रंग कालवून द्या."

आठ दिवस मी रंग कालवले. काँगोचा गर्द हिरवा मी केला, गवताळ पट्ट्याचा पोपटी मी केला, सहाराचा पिवळा मी केला. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा मॅडम, काय रंग आहेत!"

शेवटच्या दिवशी मॅडम जेवायला गेल्या. व्हरांड्यात मी, पिवळा डबा आणि ब्रश. मी सहारा चार बोटं खाली ओढला. अख्ख्या खंडाच्या आडव्या रुंदीत, चार बोटं गवताळ प्रदेश वाळूखाली घातला. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

मॅडम परत आल्या. नकाशापुढं उभ्या राहिल्या. ओल्या पिवळ्याशेजारी स्वतःची चार बोटं धरून बघितली, मग माझ्या हाताकडं बघितलं. मी हात मागं घेतला.

"सर, पिवळा पुरला ना?" एवढंच विचारलं.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी त्या दुरुस्त करतील. केलं नाही. कोपऱ्यात नाव घातलंय, असं चाचा म्हणाले. त्या कोपऱ्याकडं मी मुद्दाम बघत नव्हतो.

आठवड्यानं तपासणीला साहेब आले. नेमका साहेबांचा विषय भूगोल! नकाशावरून बोट फिरवत फिरवत ते पश्चिमेकडं आले आणि थांबले. "बाकी अगदी चोख आहे. पण सहारा एवढा खाली कसा?"

हेडसरांना घाम फुटला. मी खांबाच्या आड सरकलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खाली लिहिलंय."

साहेब वाकले, चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "रेखाटन : कदम मॅडम. रंग : मोरे सर. सहाराची खालची चार बोटं : मोरे सर."

साहेबांनी मान वर केली. "मोरे सर कोण?"

मी खांबाच्या आडून बाहेर आलो.

"मी, साहेब," म्हटलं. "बावीस वर्षं झाली."