आधी कोणाची विमा कंपनी

"माका कायदो शिकव नको," असे म्हणून ती हातातल्या सुरमईचे कल्ले उघडून गिऱ्हाइकाच्या थेट नाकाजवळ धरायची. भाव कमी करायला सांगा, सुटे पैसे मागा, उत्तर हेच. मालवणच्या बाजारात त्या काळी मासे घेतलेल्यांना मी कोणाबद्दल बोलतो आहे ते कळले असेल. मी वकिलांकडे कारकून, म्हणून हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्तच यायचे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे. आमच्याकडे तेव्हा उतारूंच्या खासगी सर्व्हिस मोटारी धावत. एका पहाटे ती टोपली घेऊन कणकवलीच्या बाजाराला निघाली होती. कसालच्या अलीकडे वळणावर ट्रक उभा होता, त्याला दिवा नव्हता. मोटार मागून त्याच्यावर आदळली. बाकीच्यांना नुसते खरचटले, हिचा पाय गुडघ्याखाली मोडला. ड्रायव्हर तिच्याच वाडीतला, पोराबाळांचा माणूस. चूक कोणाची ते ठरेपर्यंत घरी बस, असे मालकाने त्याला सांगितले.

डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आणि लवकर मिरजेला न्या, नाहीतर हाड वाकडे जुळेल, असे बजावले. पण खर्च कोणी करायचा? मोटारीचा विमा एका कंपनीचा, ट्रकचा दुसऱ्या. ही म्हणे आधी त्यांनी द्यावा, ती म्हणे आधी यांनी. खरकटी भांडी समोर ठेवून दोन जावा बसाव्यात, तसा प्रकार. पत्रे लिहून लिहून माझी बोटे दुखली. शेवटी मोटारीची कंपनी नमली. इस्पितळाचे बिल आधी आम्ही देतो, ट्रकवाल्यांशी आमचे आम्ही मागाहून बघून घेऊ, असे तिने कळवले. आता फक्त बाईचा अंगठा हवा होता.

मी धावत कागद घेऊन गेलो. तिने अंगठा मुठीत घातला आणि मूठ पदराखाली नेली.

"पयले ट्रकवाल्यांनी देवक व्हये," ती म्हणाली.

मी परोपरीने समजावले. काकी, आधी कोण देतो याला काही अर्थ नाही, पैसे दिले म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, तुझ्या पायाचे बघ.

"पयलो जो देता, चूक त्याचीच म्हणतत रे झिला. मी देवाक इचारलंय. देवान उजवो कौल दिल्यान. पयलो ट्रक."

झाले. आमच्याकडे ग्रामदेवाला पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, उजवीकडची पाकळी पडली की देवाचा होकार. मी वकीलसाहेबांना सांगितले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आता याच्यावर अपील कुठे करू?

ट्रकच्या कंपनीने सवडीने पैसे दिले. तोवर हाड वाकडे जुळले होते. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून बसवावे लागेल. त्याला ती तयार होईना. ड्रायव्हर मात्र कामावर रुजू झाला. ती एका अंगाला कलून चालू लागली आणि टोपलीतले पाणी तिच्या एकाच खांद्यावर गळू लागले. तो ओला खांदा दिसला की माझे डोके फिरायचे. मी तिच्याकडून मासे घेणे बंद केले. ती बांगडे घरी पाठवून द्यायची, आणि वर निरोप, पैसे नकोत.

साठ सालानंतर केव्हातरी ती गेली. तिला पोचवून परतताना तो ड्रायव्हर माझ्याजवळ वाळूत बसला.

"माजो डोळो लागलेलो," तो म्हणाला. "पोराक ताप होतो, रातभर जागो होतंय. ती बाजूकच बसलेली. तिना बघल्यान."

मी विचारले, मग देवाने ट्रकचा कौल कसा दिला?

"खंयचो कौल? तिचो पाय मोडलेलो, घरात दुसरा कोण नाय. देवळात गेला कोण?"

मला तिचा असा राग आला की रडूच फुटले. तिचा पाय सरळ झाला असता हो. अगदी सरळ झाला असता.

तो उठला आणि त्याने लेंग्याची वाळू झटकली. त्याला संध्याकाळची कणकवलीची गाडी न्यायची होती.