आत्याचे जंतू आणि साहेबांचे थांबे

आमच्या जिन्यात अशी अफवा आहे की माझी आत्या जंतूंशी बोलते. खालच्या मजल्यावरच्या काकू तर छातीवर हात ठेवून सांगतात, "अहो, फ्रीजमध्ये डबे भरून ठेवलेत तिनं!" डब्यांत कालची भाजी असते. आणि आत्या जंतूंशी बोलत नाही, त्यांच्या सवयी तपासते. प्रयोगशाळेत त्याचाच तिला पगार मिळतो.

जनुक म्हणजे प्रथिन कसं बांधायचं याची सूचना, तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली. प्रथिनाच्या एकाच घटकासाठी बरेचदा दोन, चार, सहा शब्द चालतात, पण प्रत्येक जातीच्या जंतूचे लाडके शब्द ठरलेले. नावडता आला की गाडं रेंगाळतं.

"म्हणजे आपले आजोबा," मी म्हटलं. "'रिमोट द्या' म्हटलं की शोधत बसतात, 'खटका द्या' म्हटलं की लगेच हातात."

"अगदी तस्सं!"

आत्याला माणसाचं एक जनुक जंतूंत घालून जखमेच्या मलमासाठी प्रथिन काढायचं होतं. जंतू ढिम्म. शेवटी तिच्या साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग घसा साफ केला. "दोन महिने... बघू. नाहीतर... हे काम... बंद. तुम्हीही... दुसरीकडे... बघा."

आत्यानं सगळे नावडते शब्द काढून लाडके घातले. जंतू सुसाट सुटले, पण प्रथिनाच्या साखळीची ठरावीक घडी पडावी लागते, ती घाईत चुकली आणि नुसता लगदा झाला. आत्याचं तोंड एवढंसं.

तिला हसवायला मी साहेबांची नक्कल केली, तीही भरभर.

"हे कुठले साहेब? ते मध्येच अडतात ना, तेव्हा साहेब वाटतात." बोलता बोलता ती थबकली. "अगं, मी अडायच्या जागाच पुसून टाकल्या की! घडी पडायला उसंत कुठून मिळणार?"

माणसाच्या पेशीत जिथे काम रेंगाळतं, तिथे जंतूंचे थोडे नावडते शब्द परत घालायचं तिनं ठरवलं.

"आत्या, पुन्हा अडकतील. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर महिनाभर साहेबांची नक्कल बंद."

"आणि तू हरलीस तर?"

"तर काय, घरीच बसेन. तुझ्या नकला बघत."

काल प्रथिन निघालं, व्यवस्थित घडीचं. काम चालू राहणार, आत्याही.

आज साहेब आमच्याकडे चहाला आलेत. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. "अभिनंदन... म्हणजे... बरं झालं."

आत्या गालातल्या गालात हसत माझ्याकडे बघतेय. आणि मी तोंडात दोन बिस्किटं कोंबून बसलेय.