दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही

माझी बायको एकदा विचारून कधी थांबली नाही. "चहा घेणार?" मी म्हणायचो, "नको." ती आतून पुन्हा ओरडायची, "अर्धा कप?" मी म्हणायचो, "राहू दे." मग ती कप आणून समोर आपटायची आणि मी प्यायचो. पहिलं 'नको' बोलायचं असतं म्हणून बोलतात, हे तिला ठाऊक होतं. आमच्या रत्नागिरीकडे पाहुण्याने पहिल्या विचारण्यालाच "हो, आणा" म्हटलं, तर तो गेल्यावर त्याला हावरट म्हणतात.

ती जाऊन चार महिने झाले. इथेच गेली, सौदीत, अल-खोबरला, मुलाच्या घरी. दोघं वर्षभराच्या व्हिसावर आलो होतो. आता सून विचारते, "अब्बा, चहा?" मी म्हणतो, "नको." ती म्हणते, "ओके अब्बा," आणि गॅस बंद. मग मी तसाच बसतो, चहावाचून, मनातल्या मनात तिला बोल लावत. सून वाईट नाही. कानावर पडतं तेवढंच ती ऐकते.

तसा मी तोंडाचा फटकळ माणूस. शाळा सातवीपर्यंत. सव्वीस वर्षं याच देशात पाइप फिटिंग केलं. फोरमनला त्याच्या तोंडावर सांगितलंय की तुझा नकाशा चुकलाय. कफीलशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाशी, भांडून सुट्टी घेतलीय. पण स्वतःसाठी काही मागायचं आलं की माझ्या तोंडातून 'नको'च निघतं.

चहाचं जाऊ दे. आमच्या व्हिसाची गंमत अशी आहे की दर तीन महिन्यांनी देशाबाहेर पाऊल टाकावं लागतं. पुलावरून गाडीने बहारीनला जायचं, शिक्का मारून परत यायचं, की पुढचे तीन महिने मिळतात. गेल्या महिन्यात जेवताना मुलाने विचारलं, "अब्बा, मुदत भरत आली. बहारीनला जाऊन यायचं, की तुम्हाला गावाला जायचंय?"

मी म्हणालो, "कशाला तुम्हाला त्रास? जातो मी गावाला."

"बरं," म्हणाला. माझ्या ताटातला भात संपायच्या आत त्याने फोनवर तिकीट काढलं. वर मला सांगतो, "खिडकीची सीट मिळाली, अब्बा."

मला खिडकी नको होती. मला जायचंच नव्हतं. तिची कबर इथे आहे. इथल्या कबरस्तानात नाव लिहीत नाहीत, नुसता दगड असतो. मुलगा कामात बुडालेला. इथे बायकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे सुनेला, नातीला जाता येत नाही. मी गेलो तर तिच्याकडे जाणार कोण? हे त्याला कळायला नको? मी आतल्या आत धुमसत राहिलो आणि बॅग भरायला घेतली. मुद्दाम हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सुनेने येऊन विचारलं, "अब्बा, मदत करू?" मी म्हणालो, "नको."

दोन आठवड्यांनी नात सुट्टीवर आली. ती अमेरिकेत शिकते, लहानशा गावातल्या लहानशा कॉलेजात. सगळी मिळून हजारभर पोरं, बाहेर मक्याची शेतं. बरोबर खोलीतली मैत्रीण आणली होती, जपानची. बारीकशी पोर, चपला काढून नीट जोडून ठेवणारी. मला पाहून कमरेत वाकली. मीही वाकलो, पण कंबर तिथेच धरली, तेव्हा ती हसली नाही, हे मला आवडलं.

दुपारी सुनेने हामूर माशाचं कालवण केलं होतं. पोरीने पहिला भात संपवला. सुनेने इंग्रजीत विचारलं, अजून वाढू का. पोरीने हात हलवला, नो थँक्यू. सून भांडं घेऊन आत निघाली. मी पाहिलं, पोरीची नजर त्या भांड्याच्या मागे दारापर्यंत गेली.

"थांब," मी सुनेला म्हणालो. "वाढ तिला."

"अब्बा, ती नको म्हणाली."

"म्हणू दे. वाढ."

"दादा, प्लीज," नात म्हणाली. आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. "असं फोर्स नाही करायचं. बॅड मॅनर्स."

मी उठलो, भांडं घेतलं आणि स्वतः वाढलं. पोरीने मान खाली घातली, काहीतरी पुटपुटली आणि सगळं खाल्लं. मी तिसऱ्यांदा वाढलं, तेही खाल्लं. काटेसुद्धा चोखले.

मग ती बोलायला लागली. मला इंग्रजी साइटवरचं, 'कट हियर', 'नो गुड' एवढंच. नात अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगत होती. जपानमध्येही पहिल्यांदा नको म्हणतात. समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं. ही अमेरिकेत गेली, पहिल्याच सणाला कॉलेजने कोणाच्या तरी घरी जेवायला पाठवलं. यजमानीण म्हणाली, अजून घे. ही म्हणाली, नो थँक्यू. तिने लगेच ताट उचललं. खोलीवर येऊन हिने कोरडी बिस्किटं खाल्ली. वर्गातही तेच. मास्तर विचारतो, कोणाला काही बोलायचंय? ही वाट बघते, आपलं नाव घेईल. तो पुढे जातो. वर्गात बोलत नाही म्हणून गुण कापले. त्या कॉलेजात पाच जपानी पोरं होती, ती एकाच टेबलावर बसायची, कारण तिथेच कोणीतरी दोनदा विचारायचं. बाकीचे म्हणायचे, ही पोरं मिसळत नाहीत. एक मुलगा वर्ष पुरं न करता घरी परतला. निघताना सगळ्यांनी त्याला विचारलं होतं, ठीक आहेस ना? तो प्रत्येकाला हो म्हणाला होता.

"पण दादा, सिंपल आहे ना," नात म्हणाली. "पाहिजे तर पाहिजे बोला. मनातलं दुसऱ्याने का ओळखायचं?"

"तुझी दादी ओळखायची."

"दादी दादी होती. सगळे दादी नसतात."

मला चीड आली. वीस वर्षांची पोर आणि मला शिकवते. काहीतरी लागट बोलणार होतो, पण जपानी पोरगी मध्येच बोलली. नातीने सांगितलं, ती म्हणते, मी आरशासमोर उभी राहून वाक्य पाठ केलं, मला अजून हवंय. महिनाभर केलं. मग एकदा खाणावळीत म्हणाले. वाढणाऱ्या बाईने लगेच वाढलं. एकदम सोपं.

"मग बरं वाटलं?" मी विचारलं.

नातीने विचारून सांगितलं, "पोट भरलं म्हणते. पण चव नव्हती."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. सॉक्स काढत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. वाटलं होतं, दोन वाक्यं आहेत, म्हणून टाकू. पण आधी मी उगाच त्याचे बूट भिंतीला नीट लावून ठेवले. सव्वीस वर्षांत कफीलपुढे असं झालं नव्हतं.

"मला गावाला नाही जायचं," मी म्हणालो. "मला तिच्याजवळ राहायचंय."

त्याचा हात सॉक्सवरच थांबला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू परत विचारलं नाहीस."

"अब्बा, तुम्ही सरळ जातो म्हणालात! पंधरा दिवस हॉलमध्ये बॅग भरताय! मला वाटलं, या घरात तुम्हाला करमत नाही. मी रोज त्या बॅगला अडखळून कामावर जातोय."

"मग तू बोलायचंस, थांबा म्हणून."

"मी कसा बोलू? तुम्हाला जायचंय असं वाटत असताना?"

तोही माझाच पोरगा. त्याने फोन काढला, दोनदा बोट लावलं. "खलास. तिकीट रद्द. शनिवारी बहारीनला जाऊन येऊ." जायचं ठरायला जेवढा वेळ लागला होता, त्याहून कमी वेळ राहायचं ठरायला लागला. पंधरा दिवस मी उगाच जळलो.

तरी माझा राग गेला नाही. जुम्म्याला नमाज झाल्यावर कबरस्तानात गेलो, फातिहा पढलो आणि मग तिच्यावरच ओरडलो. शेजारच्या कबरीपाशी एक बंगाली उभा होता, त्याने वळून पाहिलं. पाहू दे. म्हटलं, ही सवय तू लावलीस. मला काय हवंय ते सगळं आयुष्य तूच ओळखत बसलीस. मला मागायला लागू दिलं नाहीस, आणि आता या वयात, नातीच्या देखत, मला पोरासारखं बोलायला शिकावं लागतंय.